हेडिंगबाईंचा साचा

हेडिंगबाई कुठलाही रिपोर्ट आधी उलटा धरून बघायच्या. अक्षरं डोक्यावर, कागद हातभर लांब, चष्मा कपाळावर. "उलटा धरला की वाचता येत नाही, मग पान नुसतं दिसतं," त्या म्हणायच्या. एखादी ओळ अर्धं बोट सरकलेली असली तरी त्यांना कळायचं आणि कागद माझ्या टेबलावर परत यायचा.

बोरिवलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आम्ही दोघी टायपिस्ट. गाठींचे तुकडे तपासायला यायचे, डॉक्टर ते सूक्ष्मदर्शकाखाली बघून हातानं खरडायचे आणि आम्ही ते कम्प्युटरवर टाइप करायचो. लॅब त्याच डॉक्टरांची. बाईंचं खरं नाव हजेरीपटाखेरीज कुठेच नव्हतं. हेडिंगं, हेडिंगं करून सगळ्यांचं डोकं खायच्या, म्हणून हेडिंगबाई. पहिले दोन महिने मी त्यांच्यावर जाम वैतागलेली असायचे.

त्यांची एक फाइल होती, नाव ‘साचा’. उघडली तर पान कोरं. मला वाटलं, बाईंनी रिकामी फाइल जपून ठेवलीये, कमाल आहे! मग त्यांनी दाखवलं. त्या कोऱ्या पानात सगळ्या स्टाइल्स भरून ठेवल्या होत्या. मुख्य हेडिंग केवढं, नमुन्याचं वर्णन कुठून सुरू, शेवटच्या निष्कर्षाची चौकट किती जाड. प्रत्येक रिपोर्ट नव्यानं या कोऱ्या पानावर टाइप करायचा आणि एकेका ओळीला तिची स्टाइल लावायची. मी स्पेसबार बडवून ओळ मधोमध आणताना दिसले, की बाई थेट मालवणीवर यायच्या, "गो मेल्ये, तुका कितीदा सांगलंय!"

एकदा मी चिडून विचारलंच, एवढं कशाला? कोण बघतं? तर म्हणाल्या, "रिपोर्ट घेणाऱ्याचे हात कापत असतात. त्याला शोधायला लावायचं नाही. खाली चौकटीत नजर गेली पाहिजे, बस्स." आणि खरंच, आमच्या भागातल्या सर्जनना तशी सवयच लागली होती. कागद हातात आला की खालची चौकट वाचायची, घडी घालायची. बाईंना याचा केवढा अभिमान!

त्यांचा दुसरा हट्ट मला मुळीच पटत नसे. जुना रिपोर्ट उघडून, नाव बदलून नवा करायचा नाही म्हणजे नाही. "रूप साच्यातून घे, मजकूर कोणाचा घेऊ नको," त्या सांगत. "जुन्या रिपोर्टात एक माणूस असतो गो. आपण कितीही पुसलं तरी त्याचं काहीतरी मागं राहतं." मी मान डोलवायचे. त्या जेवायला गेल्या की खुशाल जुना रिपोर्ट उघडायचे. तसं केलं की निम्म्या वेळात काम व्हायचं ना!

भाचीच्या लग्नासाठी त्या आठवडाभर कुडाळला गेल्या, तेव्हा मी एकटी होते. कागदांचा ढीग लागला होता. गोराईहून होडीनं येऊन बोरिवलीत मासे विकणाऱ्या एका बाईंच्या स्तनातल्या गाठीचा रिपोर्ट होता. आदल्याच दिवशी तशाच गाठीचा दुसरा केलेला. तो उघडला, नाव बदललं, वय बदललं, वर्णन बदललं. चौकट बदलायची राहिली. डॉक्टरांनी लिहिलं होतं कर्करोग. छापून गेलं, कर्करोगाची लक्षणं नाहीत. डॉक्टरांनी न वाचता सही ठोकली. सर्जननी खालची चौकट वाचली आणि त्या बाईंना सांगितलं, घाबरू नका, घरी जा.

पाच महिन्यांनी त्यांची मुलगी तो कागद घेऊन आली. गाठ काखेपर्यंत पोचली होती. डॉक्टरांनी तिला बाहेर बाकावर बसवलं, कागद ठेवून घेतला आणि आम्हा दोघींना आत बोलावलं. मी कागद वाचला. वरचं सगळं तिच्या आईचं होतं, चौकट भलत्याच बाईची होती. मी लगेच सांगितलं, "माझ्या हातून झालंय." एवढं एकच मी धड केलं.

डॉक्टर शांत होते. म्हणाले, याच तारखेचा नवा रिपोर्ट काढा, चौकट दुरुस्त करून. मुलीच्या हातात तो द्यायचा, हा फाडायचा. "बाई, तुमचा साचा आहेच. दोन कागद शेजारी ठेवले तरी फरक कळत नाही, तुम्हीच सांगता ना?"

"त्यासाठी नाही केला मी तो," बाई म्हणाल्या. "नवा द्या, पण आजच्या तारखेचा. चूक झाली असं त्यात लिहा."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. घरात बाबा लकवा होऊन पडलेले, कमावती मी एकटी, नोकरी कायम व्हायला महिना उरलेला. हे मी स्वतःला नंतर पुष्कळ वेळा सांगितलं, त्यानं काही फरक पडत नाही. मी उठले आणि जुन्या तारखेचा तो रिपोर्ट काढला. साच्यातून, पहिल्यांदाच अगदी त्यांच्या पद्धतीनं.

मी प्रिंट घेऊन आले, तेव्हा बाईंनी टेबलावरचा जुना कागद उचलला होता. त्या सरळ बाहेर गेल्या आणि मुलीच्या हातात तो ठेवला. "हा जपून ठेव, कोणालाही देऊ नको," त्या म्हणाल्या. "तुझ्या आईला कर्करोग होता हे तेव्हाच कळलं होतं. चूक आमची आहे, बाळा." मुलीला जे रडू फुटलं ते लॅबभर ऐकू गेलं. मी दाराआड उभी होते. ‘आमची’ म्हणाल्या, माझं नाव घेतलं नाही. संध्याकाळी त्यांना कामावरून काढलं.

त्या मासेवाल्या बाई दिवाळीच्या आत गेल्या. मुलीनं दावा लावला. मी हेडिंगबाईंच्या घरी गेले. त्यांनी चहा केला, बाबांची चौकशी केली. मला राहवेना. म्हटलं, "तुम्ही तिला माझं नाव का नाही सांगितलंत?"

"तू सांगशील म्हणून थांबले गो," त्या म्हणाल्या.

मी चहा संपवला आणि निघाले. पुन्हा काही त्यांच्याकडे जाण्याची हिंमत झाली नाही.

यंदा चैत्रात त्या झोपेतच गेल्या. कळलं तेव्हा मी कामावरच होते, आता त्या लॅबमध्ये टायपिंग मीच सांभाळते. त्याच आठवड्यात दाव्यातलं लॅबचं म्हणणं टाइप करायला माझ्याकडे आलं. त्यात लिहिलं होतं, सदर चूक एका माजी महिला कर्मचाऱ्याकडून झाली असून ती आता हयात नाही. मी ते टाइप केलं, शुद्धलेखन तपासलं आणि सहीसाठी आत पाठवलं.