रिकाम्या जागा ठेवणारे खिळेकाका

वधूवर मंडळाच्या वेबसाइटवर मी एकदा बी.कॉम. झालेल्या, गायनाची आवड असलेल्या मुलीच्या नावावर एका मिशाळ इंजिनीअरचा फोटो चढवला. नव्वदच्या दशकाचा शेवट. लोकांना वेबसाइट बनवून देणाऱ्या, डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात प्रत्येक स्थळाचं पान मी आधीच्या पानाची नक्कल करून हातानं बनवायचो. नाव बदललं, फोटो तसाच राहिला. मुलीचे वडील जिना चढून आले आणि माझी लायकी सांगून गेले.

शेजारच्या टेबलावरचे खिळेकाका तेवढे हसले नाहीत. कल्याणच्या छापखान्यात त्यांनी तीस वर्षं शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी उलटी अक्षरं, जुळवली होती. छापखाना बंद पडल्यावर पन्नाशीत कॉम्प्युटर शिकून आमच्याकडे टायपिंगला आले. उलटी अक्षरं वाचायची सवय इतकी, की समोरच्यानं टेबलावर पसरलेला पेपर ते पलीकडून त्याच्याआधी वाचून संपवत आणि "उलटा की पान!" म्हणून वर दटावत.

"अरे, लग्नपत्रिका काय दरवेळी नव्यानं जुळवायचो आम्ही?" ते मला म्हणाले. "चौकट बांधलेली. मधे नावांपुरती जागा रिकामी. तेवढंच बदलायचं."

मग मी साचा म्हणून एकच पान केलं. नाव, शिक्षण, फोटो, सगळ्यांच्या जागा रिकाम्या. एक छोटा प्रोग्राम यादीतून त्या भरायचा. चहा निवायच्या आत दोनशे पानं तयार!

पुढे आमचा मालक शिरीष एक परदेशी पॅकेज घेऊन आला. त्यात साच्यातच नियम लिहिता येत: असं असेल तर हे दाखव, तसं असेल तर ते. मंडळ खूश झालं. त्यांना मंगळ असलेल्या मुली यादीच्या तळाशी हव्या होत्या, नावापुढे लाल ठिपका लावून.

"साच्यानं जागा ठेवायची," काका म्हणाले. "कोणाला कुठे बसवायचं ते त्यानं ठरवायचं नाही."

"काका, जग पुढे गेलं."

"जाऊ दे की. तीस वर्षं लोकांची लग्नं छापली मी, शिरीष. एकाचंही अडवलं नाही. आता म्हातारपणी सुरुवात करू?"

"मग आपलं कसं जमायचं?"

"नाही जमायचं."

काकांनी डबा पिशवीत टाकला आणि जिना उतरले. मी? मी कीबोर्डवरची धूळ पुसत होतो.

तो नियम लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. दोन ओळींचं काम. मी तीन दिवस घोळ घातला आणि सांगून टाकलं, "शिरीष, हे मला जमत नाही." आयुष्यात एकदा बंड केलं, तेही नापास होऊन. शिरीषला पॅकेजमधलं काहीच कळत नव्हतं. त्यानं मंडळाला 'तांत्रिक अडचण' कळवली आणि काकांचाच साचा चालू राहिला. काका मात्र विठ्ठलवाडीला मुलीकडे राहायला गेले. परत या म्हणून निरोप धाडला, तर म्हणाले, "साचा आहे ना जागेवर? मग मी कशाला?"

हे सगळं मी घरी सांगितलं, माझ्या शौर्याचा भाग जरा वाढवून. बायको मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बरं केलंत. मंगळ मलाही आहे. सासूबाईंनी पत्रिका बघितली, घडी घातली आणि कपाटात ठेवून दिली. तुम्हाला सांगायची कुणाला गरज वाटली नाही."