पोलादभाऊ हात चिरडत नाही

आमच्या आकुर्डीच्या स्टुडिओत माणसं चार, पंखा एक, आणि किस्से एवढे की एक सांगायला घ्यावा तर मागचे चार रांग मोडून पुढे घुसतात! यंदाचे सगळे मात्र एकाच भांडणाचे.

पोलादभाऊ हा आमच्या कॉमिकचा सुपरहिरो. गेली तीस वर्षं तो ट्रक उचलतो, आगी विझवतो आणि गुंडाला पकडलं की आधी चहा पाजून मग पोलीस चौकीत नेतो.

*

एका सोमवारी संपादक जगतापसर म्हणाले, "आता डार्क हवं! नव्या अंकात भाऊ दुष्ट कारखानदाराचा हात पत्रा दाबायच्या प्रेसखाली चिरडतो. रक्त, किंकाळी, समाप्त."

"मी नाही लिहिणार." भाऊच्या गोष्टी लिहिणारी मी.

"अगं, तू परदेशात शिकलीस. तिकडे सगळं डार्कच खपतं ना?"

"म्हणून तर परत आले, सर!"

*

शेवटी सरांनी स्वतःच लिहिलं. चित्रकार सावंतकाका रक्ताचे शिंतोडे काढायला बसले, तर लाल शाईच्या बाटलीचं झाकणच उघडेना. रक्ताची ती गडद लाल शाई तीस वर्षांत कधी लागलीच नव्हती! आम्ही चौघांनी आळीपाळीने जोर लावला.

"सर," काका घाम पुसत म्हणाले, "झाकणसुद्धा नको म्हणतंय हो!"

*

दुसरी बाटली शोधताना कपाटात वाचकांची जुनी पत्रं सापडली. एक होतं चौथीतल्या जगतापचं: 'पोलादभाऊ, गुंडाच्या चहात साखर कमी घालत जा. तो लाडावेल.'

सरांचे कान लाल झाले. "तेव्हा मी लहान होतो!"

"व्हय," काका म्हणाले, "आणि तेव्हा शहाणेही होतात."

*

रंगकाम करणारा निखिल सरांच्या बाजूचा. "ताई, बातम्या बघ जरा. जग असंच आहे राव!"

"मग तसा नवा माणूस घडव ना! त्याला रक्तात पोहू दे, मी स्वतः लिहीन. पण तीस वर्षं भाऊने कमावलेला विश्वास रक्त विकायला कशाला वापरायचा?"

निखिल म्हणाला, "नवा माणूस खपला नाही तर?"

"म्हणजे खपतो तो भाऊचा विश्वास, तेच तर म्हणतेय मी!"

*

सरांनी पैज लावली. चाकणच्या एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये आमचे जुने वाचक आहेत. त्यांना आवडलं तर भाऊ डार्क, आणि मी दुसरी नोकरी बघायची. म्हटलं, चालेल.

जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये पानं फिरली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. सर माझ्याकडे बघून हसले.

शेवटचं पान विठ्ठलमामांकडे गेलं. मामा जुने ऑपरेटर. उजव्या हाताला तीनच बोटं. त्यांनी चष्मा लावून चित्र नीट पाहिलं. भाऊ एका हाताने कारखानदाराला धरून दुसऱ्याने बटण दाबतोय.

"सायेब, ह्यो प्रेस उतरायचा न्हाई."

"का?"

"दोन बटणं असत्यात. दोन्ही हात बटणावर असल्याबिगर प्रेस खाली येत न्हाई. हात वाचावा म्हणूनच केलंय तसं."

सर हसले. "मामा, एक बटण आधीच दाबून ठेवलंय असं समजा."

मामांनी तीन बोटांचा हात पानावर ठेवला.

"माज्या जुन्या मालकानं बी तेच केलं हुतं. काम लवकर व्हावं म्हून एका बटणावर टेप लावली." त्यांनी सरांकडे पाहिलं. "म्हंजी आता टेप आपल्या भाऊनं लावली व्हय?"

कुणी शिट्टी मारली नाही.

सरांनी पान घडी करून खिशात ठेवलं आणि तिथूनच सावंतकाकांना फोन लावला.

"काका, कारखानदाराचा हात प्रेसमधून बाहेर काढा. आणि चहा ठेवा."