मामाच्या वावरातला पेपर

"वावर माह्यं, सोयाबीन माह्यं, रोगबी माहाच. आन् नाव तुह्या प्रिन्सिपलचं?"

मामा मोटरसायकल चालू ठेवूनच ओरडत होता, आणि तरी मोटरसायकलचा आवाज ऐकू येत नव्हता. मेडशीहून वाशीमपर्यंत तो हे वाक्य घोकत आला असावा, इतकं ते सफाईदार निघालं. आमच्या गल्लीतल्या साऱ्या खिडक्या उघडल्या. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने तर गिऱ्हाईकाची साखर तराजूत तशीच ठेवली आणि तो बाहेर येऊन उभा राहिला.

मी वाशीमच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. मागच्या खरिपात त्याच्या नाल्याकाठच्या तुकड्यातलं सोयाबीन हळद लागलेल्या नवरदेवासारखं पिवळंधमक झालं. मी हंगामभर तिथे पानं मोजत बसलो, मामाने हंगामभर मला ठेचा, भाकरी आणि टोमणे पुरवले, आणि त्या रोगावर मी एक पेपर लिहिला.

आता पेपर लिहिणं म्हणजे काय, तर पूर्वी ती फार सुखाची गोष्ट होती. माझा पहिला पेपर कागदी जर्नलला पाठवला तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते. छापून आला तेव्हा सोबतचा फोटो कोणाचा, असं बायकोने विचारलं. ज्या वाणाबद्दल लिहिलं होतं तो वाण तोवर बाजारातून निवृत्त झाला होता. अंक कॉलेजच्या कपाटात गेला आणि आजतागायत तो फक्त वाळवीने मन लावून वाचला आहे. कोणाच्याही वावराबद्दल काहीही लिहावं, वावरवाल्याला सात जन्म पत्ता लागत नसे.

यंदा मात्र आम्ही सुधारलो. हल्ली जर्नलने तपासून छापायची वाट कोणी पाहत नाही. मसुदाच आधी इंटरनेटवर टाकतात, त्याला प्रीप्रिंट म्हणतात. संध्याकाळी टाकला की सकाळी चंद्रावरचा माणूससुद्धा फुकट वाचू शकतो. परीक्षकांचे शेरेही पूर्वीसारखे बंद पाकिटात येत नाहीत, खालीच साऱ्या जगासमोर लटकलेले असतात. माझ्याही मसुद्याखाली एक शेरा लटकला होता. कुठल्या देशातला कोण परीक्षक होता देव जाणे, पण त्याचं म्हणणं असं की एका हंगामावर भरवसा नाही, त्याच जागी आणखी एक हंगाम सोयाबीन घ्या, मग छापू. आणि जर्नलने छापल्याशिवाय माझी बढती नव्हती.

म्हणजे माझी बढती त्या नाल्याकाठच्या तुकड्यात अडकली होती, आणि मी काय केलं, तर हौसेने पेपरची लिंक खानदानाच्या ग्रुपवर टाकली. लगेच अभिनंदनांचा असा पूर आला की फोन तापला. कोणी हात जोडले, कोणी केक पाठवला. लिंक मात्र एकानेही उघडली नाही. उघडली ती मामाने. माझ्या आयुष्यातला पहिला खराखुरा वाचक मला असा लाभला.

इंग्रजीचं त्याला काही अडलं नाही. बाकीचं फोनने मराठी करून सांगितलं, आणि नावं तर इंग्रजीतही तीच असतात. पहिलं माझं, मधलं ज्याचा सूक्ष्मदर्शक वापरला त्या सहकाऱ्याचं, शेवटचं प्रिन्सिपलसाहेबांचं, ज्यांनी सोयाबीन फक्त तेलाच्या पिशवीवरच्या चित्रात पाहिलेलं आहे. मामा होता तळाशी, आभारात: एक स्थानिक शेतकरी.

लग्नपत्रिकेत नाव नाही म्हणून आमच्याकडे सख्खे भाऊ मांडवाच्या दारातून परत गेलेले आहेत. पत्रिकेत शेंबड्या पोरांची नावं असतात, तर मामाचं कसं नसेल?

"पत्रिकेत असं छापतेत का," घरात येऊन तो माझ्या बायकोला विचारत होता, "का नवरीचा एक स्थानिक मामा?"

बायकोने त्याला चहा दिला आणि माझ्याकडे असं पाहिलं की परीक्षक परवडला. यंदा तुकड्यात पाय ठेवून दाखव, असं मामाने मला कपबशीच्या आडून सांगितलं. आधी नाव येऊ दे, मग वावराचं पाहू.

तर मी तिथेच लॅपटॉप उघडला. इंटरनेटची ही एक सोय आहे, पत्रिका पुन्हा छापता येते, दुसरी आवृत्ती चढवता येते. मान म्हणून मी मामाला शेवटची जागा देऊ केली, आमच्या पेपरांत थोरामोठ्यांचं नाव शेवटी असतं असंही समजावलं. त्याला ते पटलं नाही. "शेवटच्या पंगतीले भाजी तरी उरते का?" म्हणाला, आणि माझ्या नावाला लागून दुसऱ्या जागेवर येऊन बसला.

पुढे साइटने विचारलं की या लेखकाने काय काम केलं, त्यावर खुणा करा. मामाने माझ्या हातातून माऊस घेतला. देखरेखीवर खूण केली, साधनसामग्रीवर केली, मग कल्पना कोणाची यावरही केली. कल्पना तुझी कशी, असं मी विचारलं.

"पिवळं पडलं म्हून तुले फोन कोनं केल्ता?"

एवढी एक 'लेखन' ही खूण त्याने माझ्यासाठी सोडली, गरिबाला काही तरी असावं म्हणून.

मग तो म्हणाला, आता ती पहिली पत्रिका फाडून टाक. तसं करता येत नाही, मी सांगितलं, पहिली आवृत्तीही कायम तिथेच राहते.

"म्हंजे तू मले इसरला होता, हे लोकं मेल्यावरबी पाहून राह्यतीन?"

हो, म्हणालो. तेव्हा कुठे त्याची कळी खुलली. दोन बिस्किटं जास्तीची खाऊन तो मेडशीला गेला.

काम संपलं असं मला वाटलं, पण नावं बदलली की साऱ्या लेखकांना ईमेल जातो आणि प्रत्येकाने त्यातल्या लिंकवर एकदा बोट ठेवायचं असतं. मामाने परतीच्या वाटेवर, मालेगाव यायच्या आतच ठेवलं. सहकाऱ्याने वर्गातून ठेवलं. प्रिन्सिपलसाहेब मात्र ईमेल उघडत नाहीत, त्यांचा ईमेल ऑफिसातले बाबू उघडतात, आणि बाबू मेहकरला साखरपुड्याला गेलेले. ते आले तेव्हा साहेब मीटिंगला गेले. साहेब आले तेव्हा पासवर्ड गेला. विजेच्या वेगाने चाललेलं विज्ञान साहेबांच्या टेबलापाशी येऊन पाय पसरून बसलं. इकडे पाऊस पडला, वापसा होऊन जमीन पेरणीजोगी झाली, आणि आमच्या कॉलेजच्या मैदानात खेळाडूंना न जुमानता गवत उगवलं.

अखेर एका दुपारी साहेबांनी माझ्या देखत, माझ्याच बोटाच्या आधाराने, त्या लिंकवर बोट ठेवलं. संध्याकाळी दुसरी आवृत्ती झळकली. मामाचं नाव साऱ्या दुनियेसमोर, माझ्या खांद्याला खांदा लावून. मी लगेच मेडशीला फोन लावला. नाव पाहिलं का, किती देशांत दिसून राह्यलं, सारं एका दमात सांगितलं, आणि सोयाबीनचं बियाणं घेऊन सकाळच्या एसटीने येतो, तुकडा आखून घेऊ, असंही म्हणालो.

पलीकडे मामाने घोट घेतला, पाण्याचा असावा.

"नाव आज पाह्यलं," तो म्हणाला. "तूर परवाच पेरली."