पाणी विचारणाऱ्या मॅडम

मॅडम जन्मानं कॅरिबियन बेटावरच्या, विलायतेत भूगोल शिकवायच्या. नव्वद सालानंतर माणदेशातल्या पाण्याचा अभ्यास करायला आल्या, तेव्हा मी त्यांच्या जीपवर ड्रायव्हर होतो. सातवीत शाळा सोडलेला, घरापासून लांब. नोकरी जाईल ही धास्ती कायम.

कुणी तांब्या पुढं केला की त्या मोडक्यातोडक्या मराठीत विचारायच्या, "पाणी कुठून येतं?"

"आवं बाई, हंड्यातनं!" म्हाताऱ्या म्हणायच्या. सगळ्यांत जास्त मॅडमच हसायच्या.

एकदा मॅडमची गावकऱ्यांबरोबर सभा बुद्रुकला होती आणि मी जीप नेली त्याच नावाच्या खुर्दला. सभा बुडाली. हापिसातले साहेब कडाडले, "पाटीबी वाचता येत न्हाई? उद्यापासनं येऊ नगंस."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मला खुर्दची विहीर बघायची होती. मीच नेलं."

विहीर आम्ही बघितलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जीपमध्ये येऊन बसल्या.

"चला खुर्दला. आता बघायलाच हवी."