जुनी काढण्याआधी

आमच्या प्रयोगशाळेत विजेची लहर पडद्यावर दाखवणारा जुना ऑसिलोस्कोप आहे. त्याची बॅटरी बदलताना नवी आधी शेजारी जोडायची आणि मगच जुनी काढायची. नाहीतर आत साठवलेली सगळी मापं क्षणात पुसली जातात. हे मला पाठ होतं. तरी आज घाईत मी जुनीच आधी काढली. पडद्यावर हिरवी रेघ उमटते, पण एक व्होल्ट म्हणजे किती, हे यंत्राला आता ठाऊक नाही.

ती मापं आमच्या इथल्या तंत्रज्ञ सावंतकाकांनी आठवडाभर खपून बसवली होती. निवृत्त झाल्यावरही म्हणायचे, "अरे, एकदा माझ्याजवळ बस, सगळं शिकवून ठेवतो."

"बसू की काका, घाई काय आहे?"

काकांना जाऊन वर्ष झालं. नवी बॅटरी माझ्या हातात आहे, आणि आत राखण्यासारखं काहीच उरलेलं नाही.