कमल खोटं बोलली नव्हती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला सांगतेय, आणि छाती धडधडतेय. पण ती नुसती भीतीनं धडधडतेय असं म्हटलं, तर तेही खोटंच होईल. ते दिवसच तसे होते!

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. मी गिरगावातली, परळच्या एका मुलींच्या शाळेत नुकतीच लागलेली. संध्याकाळी सभा, घसा बसेपर्यंत घोषणा. सकाळी त्याच बसलेल्या घशानं भूगोल. त्यात मोठ्या बाईंनी – मुख्याध्यापिकांना आम्ही तसं म्हणायचो – मला नवं काम दिलं. दर शनिवारी शाळा सुटल्यावर मुलींच्या अडचणी ऐकायच्या, सल्ला द्यायचा. नकाशांच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या. काय आनंद झाला होता मला! आपण मुलींची आयुष्यं बदलणार – त्या वयात दुसरं काय वाटणार?

तिथे कमल आली. करी रोडच्या चाळीतली, वडील गिरणीत, घरानं नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. आवाज असा, की ती गायला लागली की शेजारच्या वर्गातला खडू फळ्यावर थांबायचा. संमेलनातल्या संयुक्त महाराष्ट्राच्या पोवाड्यात मुख्य गाणारी तीच होती. ती खुर्चीत बसलीच नाही.

"बाई, मला काढलं."

संगीताच्या बाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं – तुमच्या घरात आता देव नाहीत, मग देवीचं नमन तू कसं म्हणणार? आणि मग, हळूच – काही मुलींच्या आया म्हणतात, आमच्या मुली हिच्यामागे उभ्या राहणार नाहीत.

"नमन हे निमित्त आहे बाई. मला कळतं."

मी पेटले! टेबलावर हात आपटला. म्हटलं, "सोमवारी मोठ्या बाईंना सगळं सांग. घाबरू नकोस. मी तुझ्या बाजूला उभी राहीन." ती हसली. जाताना जिन्यात गुणगुणत गेली – मी ऐकलं.

सोमवारी तिनं सगळं सांगितलं, न अडखळता. संगीताच्या बाई शांतपणे म्हणाल्या, असं मी बोललेच नाही. मोठ्या बाई माझ्याकडे वळल्या. "ही तुमच्याकडे आली होती?"

मी काय म्हणाले असेन? – म्हणाले, "नाही."

कमलला वाटलं, मी विसरले. "बाई, शनिवारी नाही का, नकाशांच्या खोलीत –" ती मला आठवण करून देत होती हो! आणि मी, तिची सल्लागार, गोड आवाजात म्हणाले, "कमल, असं खोटं बोलू नये गं."

माझी नोकरी कायम व्हायची होती. एवढंच. कुणाचा जीव जात नव्हता.

तिला माफी मागायला लावली. तिनं मागितली, माझ्याकडे न बघता. पोवाडा दुसरीनं म्हटला. मी विंगेत उभी राहून टाळ्या पिटत होते, अंगावर काटा आला होता – खराखुरा! कसा येऊ शकला मला तो जोश, त्या दिवशी? वर्ष संपल्यावर कमलनं शाळा सोडली. तिच्या चाळीतली एकही मुलगी पुन्हा माझ्याकडे आली नाही. मी मात्र ती खुर्ची सोडली नाही.

आणि राज्य झालं! लालबागला गुलाल, दिव्यांच्या माळा, ढोल. मी शाळेतल्या एका नव्या शिक्षिकेबरोबर गर्दीत घुसले होते. चौकातल्या मंचावर कमल गात होती. लोक वेडे झाले होते – मीही. ती शिक्षिका ओरडली, "काय गाते हो! कोण ही?"

मी तिच्या कानाशी ओरडले, "माझी विद्यार्थिनी! मीच उभी केली तिला!"

तिनं कौतुकानं माझा हात दाबला. मी दाबू दिला.