तेलुगू नायकाच्या तोंडी माझं मराठी

आदिलाबादच्या टॉकीजमध्ये आमच्या गल्लीतल्या बायका तेलुगू पिक्चर बघायच्या ते माझ्या तोंडाने. मी तालुक्याच्या कचेरीत कारकून. साहेब तेलुगू, तेव्हा ती भाषा मला येते असा सर्वांचा समज. मी तो मोडला नव्हता. बायकांच्या मधोमध मला बसवायचं, पडद्यावर कोणी बोललं की मी मराठीत सांगायचं. त्यामुळे आमची रांग सगळ्यांच्या नंतर हसायची आणि नंतर रडायची.

त्या दुपारी रांगेत शेजारच्या आत्याबाई होत्या आणि त्यांची भाची. भाची बोथ गावची, आत्याकडे राहायला आलेली. ती मला दादा म्हणत नसे, एवढ्या भांडवलावर माझं प्रेम उभं होतं. तिला किनवटच्या मास्तराचं स्थळ आलं होतं आणि दुसऱ्या दिवशी होकार-नकार कळवायचा होता. तिने नाही म्हणावं अशी माझी फार इच्छा. ती तिला सांगायची मात्र हिंमत नाही.

पिक्चर सगळा आठवणींचा. केस पिकलेला नायक गावी येतो, जिच्यावर जीव होता तिच्या ओसरीवर बसतो. ती आता नातवंडांची आजी. तो सावकाश काहीतरी बोलला आणि टॉकीजभर सुस्कारे निघाले.

"काय म्हणून राह्यला रे तो?" आत्याबाईंनी मला कोपर मारलं.

मी म्हणालो, "तो म्हणतो, मी काही विसरलो नाही. अजून वेळ गेली नाही. तू नाही म्हण."

"अगं बाई! नातू झाल्यावर?" आत्याबाईंनी पदर डोळ्यांऐवजी तोंडाला लावला. भाची पडद्याकडेच बघत होती. माझा बाण लागला, असं मी समजलो.

सुटल्यावर आत्याबाई रिक्षा ठरवायला पुढे गेल्या. भाची माझ्याजवळ थांबली.

"तो तसं नाही म्हणला," ती म्हणाली. "तो म्हणला, तू सुखात हाय ना, मंग माही आठवण तू ठेवू नको, मी ठेवतो. मी बोथले तेलुगू शाळेतच शिकली."

बोथला मराठी शाळा आहे एवढं मला ठाऊक होतं. ती त्याच शाळेत गेली का, हे विचारायचं मात्र कधी सुचलं नव्हतं.

"तुमी त्याले 'नाही म्हण' म्हणायले काऊन लावलं?"

आता सरळ सांगायला काय हरकत होती? पण मी म्हणालो, "ती आंध्रावाल्यांची तेलुगू आहे. आपल्याकडे अर्थ जरा वेगळा होतो."

"हो का? मंग आपल्याकडं काय अर्थ होते?"

एवढं बोलून ती खरंच उत्तराची वाट बघत उभी राहिली. अशी संधी पिक्चरवाले आपल्या नायकाला शेवटच्या रिळातसुद्धा देत नाहीत. आणि मी, कचेरीत अर्जदाराला सांगतो तसं, तिला म्हणालो, "पाहून सांगतो."

ती हसली नाही की रागावली नाही. "बरं," म्हणाली आणि रिक्षात जाऊन बसली.

किनवटला होकार गेला. आता वाटतं, त्या नायकाचं म्हणणं शहाणपणाचं होतं. आठवण ज्याची त्याने सांभाळावी, दुसऱ्याच्या ओसरीवर नेऊन ठेवू नये. पण त्याने निदान प्रेम बोलून दाखवलं असणार. मी दुसऱ्याच्या तोंडून बोलायला गेलो आणि तेही चुकीचं.

बोथच्या तेलुगू शेजाऱ्यांसाठी लग्नाची पत्रिका तेलुगूतही काढायचं ठरलं. आत्याबाईंनी मजकूर लिहायला अर्थातच मला बोलावलं. मी पेन उघडून बसलो, तर आतून आवाज आला, "राहू दे आत्या, मीच लिहीन."

तिने लिहिलं. मग तपासायला म्हणून तो कागद माझ्या हातात आला. एखादी तरी चूक निघावी म्हणून मी बराच वेळ शोधलं. निघाली नाही.